मेंदू कोण बांधतो?

रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत, वाशिष्ठी नदी जेथें समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिण तीरावर, अंजनवेल नांवाचें गांव आहे. समोर पैलतीरावर दाभोळ, अलीकडे टेकाडावर जांभ्या दगडाचा गोपाळगड आणि थोड्या अंतरावर समुद्राकडे तोंड करून उभें असलेलें दीपगृह, असा तेथील देखावा आहे. गोपाळगडाचा इतिहास आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. विजापूरकर, शिवछत्रपति, जंजिऱ्याचे सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे अशा अनेकांचीं निशाणें त्या तटावर लागलीं आणि उतरलीं. १८१८ सालीं तो गड इंग्रजांच्या हातीं गेला. गडाचा धनी केव्हां कोण होता हें सांगतां येतें. परंतु आज मी ज्या बांधकामाविषयीं बोलणार आहें, त्याचा गवंडी कोण आणि त्यावर हुकूम कोणाचा, हें मनुष्याला अगदीं अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हतें. तें बांधकाम म्हणजे बालकाचा मेंदू.

ह्या विषयाकडे मी वळलों तो ग्रंथ वाचून नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत मी अंजनवेलला माझ्या आतेबहिणीकडे चार दिवस राहिलों होतों. संध्याकाळीं आम्ही ओटीवर बसलों असतां शेजारची एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा दिसावयास गोजिरवाणा. परंतु त्याला बोलतां येत नव्हतें, आणि हांक मारली असतां तो वळूनही पाहत नसे. अंधार पडला, दीपगृहाचा झोत फिरूं लागला, आणि तो झोत समोर आला कीं प्रत्येक वेळीं मुलगा एक टाळी वाजवी. ओटीवर बसलेल्या एक वृद्ध आजी सहज म्हणाल्या, “हिनें ग्रहण पाळलें नाहीं. पोटांत असतांना विळीवर भाजी चिरीत बसली होती.” मुलाची आई कांहीं बोलली नाहीं. मंडळी उठल्यावर मात्र ती मजजवळ आली आणि म्हणाली, “दादा, तुम्ही शिकलेले. खरें सांगा, माझेंच चुकलें का?”

मीं सांगितलें, “नाहीं वहिनी, तुमचें कांहीं चुकलेलें नाहीं.” त्यावर ती म्हणाली, “मग कोणाचें?” ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं मजजवळ नव्हतें. आजचें हें भाषण म्हणजे तें उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

खेड्यांतील अज्ञान म्हणून हा प्रसंग कोणी हसण्यावारी नेऊं नये. आईला दोषी ठरविण्याची ही चाल सुशिक्षितांनींही चालविलेली आहे, आणि तीही शास्त्राच्या नांवाखालीं. १९४३ सालीं अमेरिकेंत लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनीं आपल्याच विश्वांत रमणाऱ्या, माणसांशीं संबंध न जोडणाऱ्या अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतों तिचें तें एक आरंभीचें प्रसिद्ध वर्णन होय. पुढें असें मत पसरत गेलें कीं, आईच्या थंड, मायाहीन वागणुकीमुळें मुलें अशीं होतात. ब्रूनो बेटलहाइम ह्यांच्या १९६७ सालच्या ग्रंथानें तर तें मत घरोघर पोंचविलें. ज्यांना असें मूल होतें त्या बर्नार्ड रिमलंड नांवाच्या मानसशास्त्रज्ञांनीं १९६४ मध्यें ह्याविरुद्ध लेखणी उचलली होती. १९७७ सालीं जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून ह्या अवस्थेचें मूळ पुष्कळ अंशीं आनुवंशिक असल्याचें दिसून आलें. पण मधल्या काळांत किती मातांनीं स्वतःला दोष देत रात्री काढल्या असतील, त्याची गणती कोणीं ठेवली नाहीं. ग्रहण आणि विळी काय, किंवा मायाहीन आई काय, दोहोंचें मूळ एकच. मेंदू कसा घडतो हें ठाऊक नव्हतें, म्हणून जी व्यक्ति सर्वांत जवळ होती तिच्या माथीं खापर फोडण्यांत आलें.

तर मेंदू घडतो कसा? गडाचा तट बांधतांना गवंडी बाहेर उभा राहतो, ओळंबा धरतो आणि चिरा बसवितो. मेंदूच्या बांधकामांत बाहेर उभा असलेला कोणी नाहीं. तेथें चिरा हाच गवंडी असतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यांत गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी दिसूं लागते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींस मिळतात आणि सुमारें अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत त्यांची एक बंद नळी होते. त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोंत हेंही नीटसें कळलेलें नसतें. ह्या नळीच्या पुढच्या टोंकापासून मेंदू होतो, आणि पूर्ण वाढलेल्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. आरंभीं सारख्या दिसणाऱ्या ह्या पेशींपैकीं एकीनें दृष्टीचें काम करावें, दुसरीनें स्मृतीचें, तिसरीनें हात हलवावा, हें त्यांना सांगतें कोण?

ह्या प्रश्नाला पहिलें मोठें उत्तर मिळालें तें जर्मनींत, पाणसरड्याच्या गर्भावरील प्रयोगांतून. हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड ह्यांनीं एका गर्भाच्या विवक्षित जागेचा बारीकसा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडील भागावर बसविला. त्या ठिकाणीं दुसरा मज्जादंड आणि जवळजवळ दुसरा देहच उभा राहिला! आणि नवल असें कीं, हा नवा देह बहुतांशीं लावलेल्या तुकड्याचा नव्हता. शेजारच्या पेशींनींच आपला मूळ मार्ग सोडून तो बांधला होता. म्हणजे तो तुकडा स्वतः फारसें बांधीत नव्हता, तो इतरांना आज्ञा करीत होता. श्पेमान ह्यांनीं त्याला संघटक म्हटलें. हा शोध १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं स्वयंपाकघरांतील स्टोव्हच्या अपघातांत भाजून हिल्डे मांगोल्ड ह्यांचा तरुण वयांत अंत झाला. १९३५ सालचें नोबेल पारितोषिक एकट्या श्पेमान ह्यांना मिळालें.

दुसरी कथा इटलींतील. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनीं रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ह्या ज्यू तरुणीला संशोधनाचीं दारें बंद झालीं. तिनें तूरिन शहरांतील आपल्या निजावयाच्या खोलींतच प्रयोगशाळा थाटली, शिवणाच्या सुया घासून त्यांचीं शस्त्रें केलीं, आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांत मज्जापेशी कशा वाढतात व कशा मरतात ह्याचा अभ्यास युद्धाच्या धुमश्चक्रींतही चालू ठेवला. त्याच वाटेनें पुढें मज्जापेशींना जगविणाऱ्या द्रव्याचा शोध लागला, आणि १९८६ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. मेंदूच्या घडणीचें शास्त्र हें असें पुष्कळ अंशीं स्त्रियांच्या हातून पुढें आलेलें आहे. आतां मी जी हकीकत सांगणार आहें, तीही एका स्त्रीचीच, आणि आपल्या मुंबईची आहे.

मुंबईंत कुलाब्याच्या टोंकाला समुद्रकांठीं टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा ह्यांनीं ती १९४५ सालीं स्थापिली. अणुविज्ञान व गणित ह्यांकरितां ती प्रसिद्ध. परंतु १९६२ सालीं ओबेद सिद्दिकी ह्यांनीं तेथें रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पदार्थविज्ञानाच्या त्या घरांत जीवशास्त्राला ओसरी मिळाली. ह्याच संस्थेंत १९९९ सालीं डॉ. शुभा टोळे रुजू झाल्या. त्यांचा जन्म १९६७ चा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत शिक्षण घेऊन त्या अमेरिकेस गेल्या, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेंत त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, आणि पुढें शिकागो विद्यापीठांत एलिझाबेथ ग्रोव्ह ह्यांच्या प्रयोगशाळेंत काम केलें.

शिकागोस त्यांनीं जो विषय हातीं घेतला तो हिपोकॅम्पसचा. मेंदूच्या आंतल्या बाजूस असलेला हा वळणदार भाग इटालियन शरीरशास्त्रज्ञाला सोळाव्या शतकांत समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून त्याला हें नांव पडलें. त्याचें महत्त्व मात्र विसाव्या शतकांत कळलें. १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन ह्या तरुणाचे झटके थांबविण्यासाठीं डॉक्टरांनीं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बहुतांशीं काढून टाकला. त्यानंतर तो बोले, हंसे, जुन्या आठवणी सांगे. पण नवी गोष्ट त्याच्या स्मरणांत राहीनाशी झाली. २००८ सालीं तो वारला तोंपर्यंत हीच अवस्था होती. नवी आठवण जेथें घडते तें हें ठिकाण. मग तें गर्भांत नेमक्या त्याच जागीं कां तयार व्हावें?

उंदराच्या गर्भांतून भावी हिपोकॅम्पसचा तुकडा, त्याचे उपभाग दिसूं लागण्यापूर्वींच काढून काचेच्या पात्रांत वाढविला, तरी तो आपल्या ठरलेल्या रूपानेंच वाढतो, असें टोळे व ग्रोव्ह ह्यांनीं १९९७ सालीं दाखविलें. म्हणजे हुकूम त्याआधींच सुटलेला असतो. तो कोठून सुटतो? पुढील वर्षीं ग्रोव्ह, टोळे आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूवरील विचार व जाणीव ह्यांशीं निगडित असलेल्या थराच्या, अगदीं कडेला असलेल्या एका चिंचोळ्या पट्टीचें वर्णन केलें. इंग्रजींत तिला वस्त्राच्या दुमडलेल्या कडेचें नांव दिलेलें आहे. आपण तिला लुगड्याचा काठ म्हणूं. ह्या काठांतून कांहीं संदेशद्रव्यें बाहेर पडतात. अंजनवेलच्या दीपगृहाची येथें मला आठवण होते. दीप स्वतः गलबत हांकीत नाहीं. पण त्याच्या प्रकाशावरून जवळचें गलबत आपली वाट ठरवितें. तसेंच ह्या काठाजवळच्या पेशी हिपोकॅम्पस होतात, दूरच्या पेशी कॉर्टेक्सचे इतर भाग होतात.

परंतु तर्क म्हणजे सिद्धता नव्हे. मुंबईंत आल्यावर डॉ. टोळे ह्यांनीं हाच धागा पुढें नेला. जनुक, म्हणजे आनुवंशिक सूचनेचा एकेक घटक. त्यांपैकीं एलएचएक्स-२ ह्या नांवाच्या जनुकाकडे त्यांनीं लक्ष वळविलें. उंदराच्या गर्भांत हें जनुक मुळींच नसेल तर काय होतें? २००१ सालीं त्यांच्या गटानें प्रसिद्ध केलेलें उत्तर कोड्यांत टाकणारें होतें. अशा गर्भांत काठ आक्रसत नाहीं, उलट तो वाजवीहून रुंद होतो. तरीही हिपोकॅम्पस बनतच नाहीं. आज्ञा देणारा बलवान झाला असतां आज्ञापालन मात्र नाहींसें व्हावें, हें कसें? कीं काठ हा संघटक आहे ही कल्पनाच चुकीची होती?

ह्या कोड्याची उकल होण्यास सात वर्षें लागलीं. विशाखा मंगळे ह्या विद्यार्थिनीनें व इतर सहकाऱ्यांनीं, कॅलिफोर्नियांतील एडविन मोनुकी ह्यांच्या गटाच्या साहाय्यानें, असे गर्भ अभ्यासिले कीं ज्यांत कांहीं पेशींत हें जनुक आहे आणि कांहींत नाहीं. गोधडींत निरनिराळ्या रंगांचे तुकडे असावेत तसे. त्यांत दिसलें तें असें. जेथें जेथें जनुकहीन पेशींचा तुकडा, तेथें तेथें तो काठ बनला. आणि त्याला लागून असलेल्या निरोगी पेशी हिपोकॅम्पस बनल्या. एकाच मेंदूंत, नको त्या जागीं, एकाहून अधिक हिपोकॅम्पस! कोडें सुटलें. पूर्वींच्या गर्भांत आज्ञा देणारे होते, पण ती ऐकूं शकणारी निरोगी पेशी एकही उरली नव्हती. पाणसरड्याच्या गर्भांत १९२४ सालीं जें दिसलें, तेंच सस्तन प्राण्याच्या मेंदूंत दिसून आलें. जानेवारी २००८ मध्यें ‘सायन्स’ ह्या अमेरिकन नियतकालिकानें हा निबंध छापला.

ह्यांतील मर्म ध्यानांत घ्यावें. एलएचएक्स-२ हें जनुक पेशीला जणू सांगतें कीं, ‘तूं काठ होऊं नकोस, कॉर्टेक्स हो.’ तें नसेल तर पेशीचा मार्ग बदलतो. आणि हें सर्व ठरतें तें गर्भावस्थेच्या फार आरंभीं, थोड्याच अवधींत. २०११ सालीं त्यांच्या गटानें दाखविलें कीं, हिपोकॅम्पसमध्यें आधीं मज्जापेशी जन्मतात व मागाहून त्यांना आधार देणाऱ्या ताराकृति पेशी. ह्या क्रमावरही त्याच जनुकाची सत्ता चालते. त्यापूर्वीं २००७ सालीं त्यांनीं असेंही दाखविलें होतें कीं, भीतीसारख्या भावनांशीं संबंध असलेल्या अमिग्डला नामक भागांतील कांहीं पेशी जन्मस्थानीं राहत नाहींत. मेंदूच्या मागील बाजूकडून त्या प्रवाहानें वाट चालत येतात. जागा, वेळ आणि वाट, ह्या तिहींपैकीं एक चुकलें तरी रचना बदलते.

डॉ. टोळे ह्यांना २०१० सालीं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आणि २०१४ सालीं इन्फोसिस पारितोषिक मिळालें. परंतु पारितोषिकांहून मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. गर्भावस्थेंतील मेंदूचा असा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा १९९९ सालीं आपल्या देशांत फारच थोड्या होत्या. परदेशीं राहून चालू वाटेनें जाणें सोपें होतें. त्यांनीं मुंबईंत घर व प्रयोगशाळा दोन्ही मांडलीं, आणि येथल्याच विद्यार्थ्यांना हातीं धरून तो प्रश्न सोडविला.

आतां अंजनवेलच्या त्या आईकडे वळूं. उंदराच्या गर्भावरील हें संशोधन तिच्या काय कामाचें? प्रथम हें स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, ह्यांतून कोणतें औषध निघालेलें नाहीं, आणि त्या मुलाच्या मेंदूंत काय घडलें हें मी येथें बसून सांगूं शकत नाहीं. पण २०२३ सालीं डॉक्टरांनीं अशा कांहीं व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली कीं, ज्यांच्यांत एलएचएक्स-२ ह्याच जनुकाच्या दोन प्रतींपैकीं एक निकामी आहे. त्यांच्या विकासांत निरनिराळ्या प्रकारच्या अडचणी आढळल्या. बोलणें उशिरा येणें, बुद्धीची वाढ मंद असणें अशा त्या होत. आणि असा बदल कित्येकदां आईंतही नसतो व बापांतही नसतो. तो मुलांतच प्रथम उद्भवतो. नक्कल करणाऱ्याच्या हातून एक अक्षर चुकावें तसा. त्यांत विळी नाहीं, ग्रहण नाहीं, मायेची उणीव नाहीं. ‘मग कोणाचें चुकलें?’ ह्या प्रश्नाला अशा ठिकाणीं ‘कोणाचेंही नाहीं’ हेंच खरें उत्तर आहे.

ह्याचा अर्थ कांहींच आपल्या हातीं नाहीं असा कोणी करूं नये. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांत नॉर्मन ग्रेग ह्या नेत्रवैद्यांनीं दाखवून दिलें कीं, गरोदरपणाच्या आरंभीं आईला जर्मन गोवर झाल्यास मुलास जन्मतः मोतीबिंदू होऊं शकतो; आज त्यावर लस आहे. १९९१ सालीं एका मोठ्या चाचणींत असें सिद्ध झालें कीं, ज्यांना पूर्वीं मज्जानळीचा दोष असलेलें मूल झालें होतें अशा स्त्रियांनीं गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक ॲसिड घेतलें, तर तो दोष पुन्हां होण्याचा संभव सुमारें ७२ टक्क्यांनीं घटतो. अठ्ठाविसाव्या दिवसाची गोष्ट मीं आरंभीं सांगितली ती ह्यासाठींच. दिवस गेल्याचें कळेपर्यंत नळी मिटून जाते, म्हणून तयारी आधीं करावयाची. आहारांत आयोडीन कमी पडल्यास गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि साध्या आयोडीनयुक्त मिठानें तें टळतें. ग्रहण पाळण्यांत जी काळजी आपण खर्च करतों, ती इकडे वळविली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. जन्माबरोबर मेंदूचें बांधकाम संपत नाहीं. ह्यूबेल व वीझल ह्यांनीं १९६० च्या सुमारास मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, जन्मानंतरच्या ठराविक काळांत एक डोळा झांकून ठेवला, तर पुढें तो उघडूनही मेंदू त्याची दखल घेत नाहीं. १९८१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणून मूल ऐकतें कीं नाहीं, पाहतें कीं नाहीं, ह्याची तपासणी जितकी लवकर होईल तितकी बरी.

दुसऱ्या वर्षीं मी पुन्हां अंजनवेलला गेलों तेव्हां ह्यांतील जेवढें सांगण्यासारखें होतें तेवढें त्या बाईला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग विचारलें, “मग आतां काय करायचें?” मला वाटतें, पहिल्या वर्षाच्या प्रश्नाहून हा प्रश्न पुष्कळ बरा होता. त्याच्या कानांची तपासणी तोंपर्यंत कोणींच केली नव्हती. ती झाली. एका कानानें त्याला ऐकूं येत नव्हतें, दुसऱ्यानें थोडेंसें येत होतें. त्यानेंच सर्व उलगडा झाला असें नाहीं. पण त्या दिवसापासून घरांतलीं माणसें त्याच्या समोर येऊन, मोठ्यानें व सावकाश त्याच्याशीं बोलूं लागलीं.

श्रोतेहो, अशी एखादी आई आपल्याही ओळखीच्या घरांत, बहुधा माजघरांत, गप्प बसलेली असेल. तिच्या मुलाला कदाचित् आपण बरें करूं शकणार नाहीं. परंतु तिनें न केलेल्या अपराधाचा भार तिच्या डोक्यावरून उतरविणें, हें आपल्या हातीं आहे. आणि तें करण्यापुरतें ज्ञान आज आपणांजवळ आहे.